खालच्या थरातली मुलगी

दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवणाऱ्यांची स्वतःची राष्ट्रीय स्पर्धा भरवावी, हे अमेरिकेलाच सुचू जाणे. दर फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या ऑरलँडोला, डिस्ने वर्ल्डच्या आवारातल्या ईएसपीएन क्रीडासंकुलात, देशभरातल्या हायस्कुलांचे चीअरलीडिंग संघ मोठ्या संख्येने उतरतात. तिथे फुटबॉल नसतो, बास्केटबॉल नसतो. ज्याच्या नावाने ओरडायचं तो संघच गायब. उरतात त्या फक्त ओरडणाऱ्या मुली, अधूनमधून काही मुलगे, आणि प्रेक्षकांत बसलेले आमच्यासारखे आईबाप, जे त्या मुलींच्या नावाने ओरडतात.

माझी लेक अशाच एका संघातली. आम्ही केंटकीत राहतो, आणि केंटकीत चीअर म्हणजे कोल्हापुरात कुस्ती. इथल्या विद्यापीठाने महाविद्यालयीन राष्ट्रीय स्पर्धा वीसहून अधिक वेळा जिंकली आहे. शाळांमध्येही मातब्बर संघ गावोगाव. त्यामुळे नववीत लेकीने 'मी चीअरला नाव देते' म्हटलं तेव्हा शेजारणीने अभिनंदन केलं आणि पुण्याहून माझ्या आत्याचा फोन आला. आत्याच्या डोळ्यांसमोर 2008 चं आयपीएल. चौकार गेला की कडेच्या चौथऱ्यावर नाचणाऱ्या गोऱ्या पोरी, आणि तेव्हा महाराष्ट्रात त्यांच्या कपड्यांवरून उठलेला धुरळा. 'अगं, शिकायला गेलात ना तिकडे तुम्ही?' एवढंच ती म्हणाली. आत्या फार बोलत नाही. बोलली की पुरतं.

तिला सांगायला मी इतिहास शोधला, तर तो निघाला पुरुषांचा. 1898 साली मिनेसोटा विद्यापीठाचा संघ हरत चालला होता, तेव्हा जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि त्याने सगळ्यांकडून एका सुरात घोषणा देववल्या. चीअरलीडिंगचा जन्म तिथला मानतात. पुढची पंचवीसेक वर्षं हे काम मुलग्यांचंच, आणि मानाचं. आयझेनहॉवर, रेगन, धाकटे बुश हे तीन अध्यक्ष तरुणपणी चीअरलीडर होते. मुली शिरल्या विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतर. मुलगे दुसऱ्या महायुद्धावर गेल्यावर मैदानाची कड त्यांनी जवळजवळ ताब्यातच घेतली. 1948 साली लॉरेन्स हर्किमर नावाच्या टेक्सासच्या गड्याने पहिलं शिबिर भरवलं, त्याला 52 मुली आणि एक मुलगा आले. हातातले ते रंगीत झुबके, पॉमपॉम, त्यांचं पेटंटही त्याचंच. त्याच्याकडे काम केलेल्या जेफ वेबने 1974 मध्ये वेगळी चूल मांडली, कोलांट्या आणि मनोरे यांवर भर दिला, आणि 1980 मध्ये हायस्कुलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. मैदानाच्या कडेची मुलगी मैदानाच्या मधोमध आली ती तेव्हा.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. 'बरं,' म्हणाली. पटलं नव्हतं.

पटलं ते आबांना, माझ्या वडिलांना. ते गिरगावातले, तरुणपणी चाळीच्या गोविंदा पथकात खालच्या थराला असायचे. त्यांनी व्हिडिओ कॉलवर सरावाची चित्रफीत पाहिली आणि नातीला पहिलाच प्रश्न विचारला, 'तू वरची की खालची?'

'खालची, आबा. बेस.'

'शाब्बास. वर काय, कुणीही चढतं.'

हे काही खरं नाही. वर चढणाऱ्या मुलीला, फ्लायरला, जी छाती लागते ती मला सात जन्मांत मिळायची नाही. एका पायावर उभं राहून दुसरा पाय हाताने कानापर्यंत ओढायचा, तोही दोन पोरींनी उंच धरलेल्या तळहातांवर, आणि वर हसायचं. फोटोत तीच येते. पण माझी नजर अर्थातच खाली असते, म्हणून खालचं काय असतं ते मी सांगू शकते.

एका फ्लायरखाली साधारण तिघी असतात. दोन बेस समोरासमोर, तिसरी मागे, तिला बॅकस्पॉट म्हणतात. मुख्य बेसच्या एका हातात फ्लायरच्या बुटाची टाच, दुसऱ्यात चवडा. दुसरी बेस तळव्याचा मधला भाग उचलून धरते. मागची घोटा पकडते आणि वर ओढत राहते, म्हणजे खालच्यांच्या मनगटांवरचा भार हलका होतो. मोजणी आठाची. ठरलेल्या आकड्याला तिघींचे गुडघे एकदम वाकतात, पुढच्या आकड्याला एकदम सरळ होतात, आणि मुलगी वर जाते. ती हातांच्या जोराने जात नाही, गुडघ्यांच्या जोराने जाते. एकीचे गुडघे जरासे उशिरा वाकले की दंडात कितीही ताकद असून उपयोग नाही. बूट हातात तिरका बसतो, आणि वरच्या मुलीला खालच्यांच्या आधी कळतं की आपण पडणार.

लेकीच्या मनगटांना कायम पट्ट्या. गळ्याच्या हाडाखाली एक निळसर डाग, तो पुरता जात नाही, कारण जाईपर्यंत पुढचा बूट तिथे लागलेला असतो. पडणाऱ्या मुलीखालून बाजूला व्हायचं नसतं, तिच्याखाली शिरायचं असतं. शरीर जे आपोआप करू पाहतं त्याच्या नेमकं उलट करायला या मुली शिकतात. ही गंमत नव्हे. हायस्कूलच्या मुलींच्या खेळांतल्या अतिगंभीर दुखापतींत चीअरलीडिंगचा वाटा अनेक वर्षं सर्वांत मोठा होता. त्यानंतर नियम कडक झाले, कठीण जमिनीवर मुलीला हवेत भिरकावायला बंदी आली. तरी लेक सरावाला गेली की मी फोन उताणा ठेवते.

आबांच्या आणि तिच्या खालच्या थरात एक फरक मात्र आहे. गोविंदांचा खालचा थर मान खाली घालून, एकमेकांच्या खांद्यांत गुंतून उभा राहतो. वर काय चाललंय ते त्याला वजनावरून आणि गर्दीच्या आवाजावरून कळतं. चीअरच्या बेसला मात्र वर बघावंच लागतं. फ्लायरच्या कमरेवरची नजर हलवायची नाही, असा कोचचा दम असतो, कारण तोल ढळतो तो आधी कमरेत. आबांना हे फार आवडलं. 'आम्हाला कधी दिसलंच नाही वरचं,' म्हणाले.

आता स्पर्धा. कार्यक्रम जास्तीत जास्त अडीच मिनिटांचा. त्यातलं संगीत दीड मिनिटाच्या वर नाही. उरलेल्या वेळात शाळेच्या नावाची घोषणा, फलक, कर्णे, झुबके, आणि प्रेक्षकांना आपल्यामागे ओरडायला लावणं, म्हणजे कॅम्पबेलने केलं तेच. त्याचेही गुण असतात. मॅट 54 फूट रुंद, 42 फूट खोल, नऊ पट्टे जोडून केलेली. खाली स्प्रिंग नाहीत, नुसता फोम. क्लबांच्या स्पर्धेत स्प्रिंगची जमीन असते, ती उडी उसनी देते. इथे उडी मारायची ती स्वतःच्या पिंढऱ्यांवर.

खर्चाबद्दल बोलू नये म्हणतात. गणवेश, विमान, हॉटेल, आणि डिस्नेत येऊन डिस्ने न बघता परतलो तर पाप लागेल म्हणून तिकिटं. संघातल्या एका मुलीच्या आजीने वर्षभर केक विकून पैसे उभे केले. हा खेळ गरिबाच्या मुलीला दारातच अडवतो, हे माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या मुली प्राथमिक फेरीतून उपांत्य फेरीत आल्या. त्या सकाळी बसमध्ये हेअरस्प्रेचा असा दर्प की ड्रायव्हरने खिडकी उघडली. आत गेल्यावर वेळापत्रक मिनिटामिनिटाचं: या मॅटवर कोलांट्या, त्या मॅटवर मनोरे, मग पडद्यामागे रांग. नाव पुकारलं आणि त्या टाळ्या वाजवत धावत आल्या. पहिल्या मनोऱ्यापासून शेवटच्यापर्यंत मी फ्लायरकडे एकदाही पाहिलं नाही. मला दिसत होती ती लेकीची वर वळलेली हनुवटी आणि तोंडातल्या तोंडात चाललेली मोजणी. काहीही पडलं नाही. एकही हात सुटला नाही. या मुलींच्या भाषेत 'हिट'. संगीत थांबलं तेव्हा त्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, आणि मीही शेजारच्या अनोळखी बापाचा दंड धरून रडत होते.

अंतिम फेरीच्या यादीत आमचं नाव नव्हतं.

चुकलं असतं तर बरं झालं असतं, असं मला त्या संध्याकाळी वाटलं. चुकलं की कारण मिळतं. इथे कारण इतकंच, की पुढे गेलेल्या संघांच्या फ्लायर वर जाता जाताच हवेत पूर्ण गिरकी घेत होत्या आणि आमच्या सरळ वर जात होत्या. अवघडपणाला जादा गुण. नेटकं केलेलं सोपं हे नेटक्या केलेल्या अवघडापुढे हरतं, आणि हरायलाच हवं. लेकीला हे माझ्याआधी समजलं. रडणं आटोपल्यावर ती हॉटेलच्या पायऱ्यांवर बसून दुसऱ्या संघाची चित्रफीत हळू करून बघत होती. गिरकीच्या वेळी त्यांच्या बेसचे तळहात बूट सोडतात कधी आणि परत धरतात कधी, एवढंच. पुन्हा पुन्हा तेवढंच.

तेव्हा परदेशातल्या आणि आता देशातल्याही मराठी आईबापांना माझं एवढंच सांगणं आहे. घरातली मुलगी चीअरला जाते म्हणाली, तर सराव कसल्या जमिनीवर होतो ते आधी विचारा. कोचने सुरक्षिततेचं प्रशिक्षण घेतलंय का, डोक्याला मार लागला तर कुणाला कळवतात, मागे झेलायला कोण उभं असतं, हेही विचारा. स्कर्टच्या लांबीचं नंतर बघू.