वऱ्हाडचीं तळीं आणि एक पुराणा पाहुणा

वऱ्हाडांतील जलाशय पहावयास निघालेल्या प्रवाशानें अमरावतीपासून आरंभ करावा. शहरालगत पोहरा-मालखेडचें रान आहे. त्याच्या कडेला वडाळी व छत्री हे दोन तलाव आहेत. पश्चिमेकडे अकोल्याच्या बाजूस गेलें म्हणजे महान येथें काटेपूर्णेचें धरण लागतें. अकोलेकरांची तहान तेंच भागवितें. मरळ, वाम, रोहू हे या प्रांतांतील ओळखीचे मासे.

परंतु अलीकडे देशांतील कांहीं तलावांत एक अनोळखी पाहुणा दिसूं लागला आहे. 2022 सालीं भोपाळच्या बड्या तलावांत व 2023 सालीं श्रीनगरच्या दल सरोवरांत सुसरीसारख्या तोंडाचा एक मासा हातीं लागला. त्याचें नांव ॲलिगेटर गार. मूळ वस्ती उत्तर अमेरिकेंत, मिसिसिपीच्या खोऱ्यांत. 2011 सालीं तेथें सांपडलेला एक गार सुमारें साडेआठ फूट लांब व 327 पौंड वजनाचा होता. अंगावर शंकरपाळ्याच्या आकाराचे कठीण खवले, जबड्यांत सुळ्यांच्या रांगा. पाण्यांत प्राणवायु कमी पडला तर आपल्या मरळ माशाप्रमाणें हाही वर येऊन हवा घेतो.

याहून नवल असें कीं, हें कूळ विदर्भाला अगदींच परकें नाहीं. वऱ्हाडांतून पूर्वेस वर्धा नदी ओलांडली म्हणजे चंद्रपूर जिल्हा लागतो. तेथील डोंगरगांवच्या खडकांत सांपडलेल्या मत्स्यावशेषांचें वर्णन आर्थर स्मिथ वुडवर्ड या शास्त्रज्ञानें 1908 सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतील गार कुळाच्या एका माशास त्यानें भारताचेंच नांव जोडलें. तो मासा सुमारें साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वींचा. त्याच सुमारास दख्खनवर ज्वालामुखीचा रस थरांवर थर पसरला. अमरावती-अकोल्याची कपाशीची काळी माती ही त्याच खडकांची झीज होय. पुढें गार कुळाची आपल्याकडील शाखा नष्ट झाली, अमेरिकेंतील टिकली.

मग हा पाहुणा म्हणजे माहेरीं परतलेली लेक समजावी काय? नाहीं. मधल्या कोट्यवधि वर्षांत येथील पाण्याचा संसार दुसऱ्याच माशांनीं मांडला आहे. शिवाय हा आपल्या पायांनीं आलेला नाहीं. शोभेच्या काचपेटीसाठीं कोणी वीतभर पिल्लूं विकत आणतो. तें पेटींत मावेनासें होतें. मारण्यास मन धजत नाहीं, म्हणून तो तें तलावांत सोडून देतो, व जीवदान दिल्याचें समाधान मानतो, असा जाणकारांचा तर्क आहे. पण एका जिवावरील ती दया तलावांतील शेंकडों जिवांवर बेतते, आणि त्या माशांवर पोट असलेल्या भोयाच्या घरचाही घांस हिरावते.

ज्यांच्या घरीं मुलांच्या हौसेनें काचपेटी आली असेल, त्यांनीं मासा घेण्यापूर्वीं तो केवढा होतो हें विक्रेत्यास अवश्य विचारावें. आणि तो पेटींत मावेनासा झालाच, तर विक्रेत्याकडे परत द्यावा किंवा मत्स्यव्यवसाय खात्यास विचारावें. वडाळीची वाट धरूं नये. खरी भूतदया तीच.