सेफ

परवा बारामतीच्या बाजारपेठेत लोखंडी तिजोरीकडे बोट दाखवून नातीने विचारले, “आजोबा, हिला इंग्रजीत ‘सेफ’ म्हणतात ना?”

“होय. ‘सेफ’ म्हणजे सुरक्षित. मौल्यवान वस्तू जीत सुरक्षित राहतात, त्या तिजोरीलाही इंग्रजीत तेच नाव मिळाले.”

हे सांगताना मला इंदापूर तालुक्यातील आमचे जुने घर आठवले. १९७२ चा दुष्काळ होता. आई दुष्काळी कामावर खडी फोडी. जेवणात मिलोची तांबडी भाकरी असे. घराच्या कोपऱ्यात मात्र एक मडके होते. बियाण्याचा शाळू राखेत मिसळून त्यात भरलेला होता आणि तोंड शेणमातीने लिंपलेले होते. त्याला ना कडी, ना कुलूप!

एका रात्री धाकटा भाऊ भुकेने रडू लागला. आईने क्षणभर मडक्याकडे पाहिले. मग आपल्या पानातील अर्धी भाकरी तिने त्याला दिली आणि स्वतः पाणी पिऊन निजली.

१९७३ साली पाऊस आला. त्याच बियाण्याने आमचे रान पेरले गेले.

मुलांनो, तिजोरीला कुलूप असते, म्हणून ती ‘सेफ’. त्या मडक्याला केवळ आईचा निग्रह होता. अशा राखण्याला आपल्या मराठीत ‘जतन’ म्हणतात.