बहात्तराव्या वर्षी तंबू

बहात्तराव्या वर्षी तंबूत राहायचे ठरले, की तिकिटांच्या आणि तारखांच्या आधी एका साध्या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते: जमिनीवर आडवे झालेल्या माणसाने पुन्हा उठून उभे राहायचे कसे? तरुणांच्या सामानाच्या यादीत हा प्रश्न नसतो. आमच्या यादीत तो पहिला होता, आणि पुढले दीड-दोन महिने बाकीच्या बहुतेक गोष्टी त्याच्याच अवतीभवती ठरत गेल्या.

माझ्या यजमानांना गेली सहा वर्षे पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, आहे. हाताची थरथर लोकांच्या लगेच ध्यानात येते. पण घरच्यांना खरी ओळख असते ती ताठरपणाची आणि मंदपणाची. कुशीवर वळणे, खुर्चीतून उठणे, दाराच्या उंबऱ्यापाशी पाय अचानक जमिनीला चिकटल्यासारखे थांबणे, या गोष्टींभोवती आमच्या भाईंदरच्या घराचा दिवस आखलेला असतो. अशा माणसाला सप्टेंबरच्या अखेरीस अरुणाचल प्रदेशातील झिरो येथील संगीत महोत्सवाला जायचे आहे, आणि तेही हॉटेलात नव्हे, तंबूत राहून.

झिरो हे लोअर सुबनसिरी जिल्ह्यातील एक विस्तीर्ण, सपाट खोरे आहे. चहूबाजूंनी पाइनच्या टेकड्या आणि मध्ये भातशेती. तेथील आपातानी लोक भाताच्या खाचरातच मासेही वाढवतात. त्यांच्या या भूप्रदेशाचे नाव २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे. संगीत महोत्सव २०१२ साली सुरू झाला. चार दिवस, स्थानिक बांबूंनी उभारलेले मंच, दिवसाचा एक आणि रात्रीचा एक. आसपासच्या मोकळ्या जागांत तंबू. आमची नात दोनदा जाऊन आली. गेल्या वर्षी तिने आजोबांना चित्रफिती दाखवल्या आणि सहज म्हणाली, "आजोबा, पुढच्या वर्षी येता का?" ती सहज म्हणाली होती, यांनी मात्र ते मनावर घेतले.

त्याला कारण आहे. नोकरी सांभाळून यांनी तरुणपणी गिरगावातल्या ऑर्केस्ट्रांमध्ये हवाईयन गिटार वाजवली. गणेशोत्सवात एका रात्रीत दोन-दोन मंडपांत कार्यक्रम होत. आता बोटे तारांवर हवी तशी थांबत नाहीत. गिटार कपाटावर आहे, आणि तिच्याविषयी आमच्या घरात फारसे बोलले जात नाही. वाजवणे संपले तरी मोकळ्या आकाशाखाली बसून ऐकणे अजून शिल्लक आहे, एवढेच यांचे म्हणणे. आजाराचा स्वभाव पाहता पुढल्या वर्षी किंवा त्याच्या पुढल्या वर्षी ते शिल्लक असेलच, असे कोणी सांगू शकत नाही. डॉक्टरांनीही सांगितले नाही.

मुलाचा विरोध अपेक्षित होता. "आई, हे वय आहे का?" त्याची काळजी खोटी नाही. परंतु या प्रश्नावर मला नेहमी माझ्या सासूबाई आठवतात. पासष्टी उलटल्यावर त्या आळंदीहून पंढरपूरपर्यंत वारीला गेल्या. अठरा-वीस दिवसांची चाल, वर दिवे घाटाची चढण, डोक्यावर आषाढाचा पाऊस, रात्री दिंडीच्या राहुटीत ओल्या सतरंजीवर निजणे आणि पहाटेपासून अभंग. तंबू, डोंगर, गाणे, चिखल, सगळे त्यात होते. तेव्हा त्यांना वय कोणी विचारले नाही; उलट पाया पडून निरोप दिला. विठ्ठलासाठी जे पुण्य ठरते ते गिटारसाठी वेड का ठरावे, हे मला उलगडलेले नाही. (भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेल्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात आम्ही दोघांनी भारतीय बैठकीवर रात्री काढल्या आहेत. त्यालाही कोणी साहस म्हटले नव्हते.) अर्थात सासूबाई निरोगी होत्या. मुलाने ते लगेच दाखवून दिले, आणि त्यात तथ्य होते. म्हणून वाद थांबवून आम्ही तयारीकडे वळलो.

प्रथम डॉक्टरांकडे. माझ्या मनात उंचीची भीती होती; डोंगर म्हटले की प्राणवायू कमी, असे आपण धरून चालतो. झिरोची उंची समुद्रसपाटीपासून साधारण १,५०० ते १,७०० मीटर. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या ओळखीच्या गारव्याहून थोडेच अधिक. उंचीचा त्रास बहुधा २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. तेव्हा उंची बाजूला ठेवावी आणि तीन गोष्टींकडे पाहावे, असे डॉक्टरांनी सांगितले: गोळ्यांच्या वेळा, पडण्याचा धोका आणि झोप.

लेवोडोपा घेणाऱ्यांच्या घरात घड्याळाला काय महत्त्व असते, ते सांगायला नको. गोळी अर्धा तास चुकली तरी शरीर बंद पडल्यासारखे होते. येथे एक गंमत आहे. घड्याळ देशभर एकच, पण सूर्य काही एक नाही. सप्टेंबरच्या अखेरीस भाईंदरला साडेसहाच्या सुमारास उजाडते. झिरोत पाचच्या सुमारास, आणि संध्याकाळी पाचनंतर लगेच अंधारून येते. तंबूच्या कापडातून उजेड आत येणार, जाग लवकर येणार, आणि पहिली गोळी मात्र सातची. त्या दोन तासांत हे सर्वांत ताठ असतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही वेळा घड्याळाप्रमाणेच ठेवणार आहोत. डोळ्यांवर बांधायला काळी पट्टी घेतली आहे, आणि तरीही जाग आलीच तर सात वाजेपर्यंत एकट्याने उठायचे नाही, असा करार आहे. प्रथिनांमुळे या औषधाचे शोषण मंदावते, त्यामुळे गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास. तेथील मासे-मटण त्यानंतर. औषधे दुप्पट घेऊन दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवायची. एक पिशवी माझ्याजवळ, एक नातीजवळ, आणि दोन्हींत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत. विमानात दोन्ही पिशव्या हातातल्या सामानातच.

आता जमिनीवरून उठण्याचा प्रश्न. जुलैत आम्ही नातीचा तंबू आमच्या इमारतीच्या गच्चीवर लावला. सोसायटीच्या सचिवांनी परवानगी देताना माझ्याकडे जरा निरखून पाहिले, पण किल्ली दिली. त्या एका रात्रीने आम्हाला जे कळले, ते कोणत्याही पुस्तकात सापडले नसते. तंबूचे दार बुटके. आत शिरायला गुडघ्यांवर रांगावे लागते, आणि ते यांना जमत नाही. चेनचे लहान टोक थरथरत्या बोटांत धरता येत नाही. तंबूला ताण देणाऱ्या दोऱ्या रात्री दिसतच नाहीत. मी स्वतः अडखळले. पातळ गादीवर कूस बदलताना कापडाला कापड अडकते. पहाटे तीनला लघवीला उठताना नातीने आणि मी दोन्ही बाजूंनी उचलले, तेव्हा हे काही बोलले नाहीत. खाली आल्यावर चहा घेताना म्हणाले, "उचलून घ्यायला मी काही पालखी नाही."

त्या वाक्यावर सगळी योजना बदलली. बुटका तंबू रद्द; आत उभे राहता येईल असा उंच तंबू नातीने ठरवला. घडीची कॉट घेतली, घरच्या पलंगाच्या जवळपास उंचीची, म्हणजे बसल्यावर पाय जमिनीला टेकतात आणि गुडघे कमरेच्या वर येत नाहीत. चेनला पडद्याची मोठी कडी बांधली. दोऱ्यांना पांढऱ्या कापडाच्या चिंध्या. झोपताना गुळगुळीत सॅटिनची विजार, म्हणजे वळणे सोपे. रात्रीसाठी मूत्रपात्र, ज्याला यांनी घरी सहा वर्षे नकार दिला होता. तंबूसाठी मात्र ते मान्य झाले. आजारासाठी नको असलेली वस्तू प्रवासासाठी चालते, हे माणसाचे मन आहे. या आजारात उभे राहताच रक्तदाब उतरण्याची शक्यता असते, म्हणून उठल्यावर दोन मिनिटे कॉटवर बसून मगच पाऊल टाकायचे. गच्चीवर दुसऱ्यांदा झोपलो तेव्हा हे पहाटे स्वतः उठून बसले. मी जागी होते, पण हात पुढे केला नाही.

चालण्याचा सराव जेसल पार्कच्या खाडीकिनारी. सकाळी सहाला तेथे गर्दी कमी असते, वारा असतो. पाय अडला की भौतिकोपचार करणाऱ्या ताईंनी शिकवलेली युक्ती वापरायची: ठेका मोजायचा. पार्किन्सन्समध्ये बाहेरून मिळालेला नियमित ताल अडलेल्या पावलाला पुन्हा सुरू करून देतो, हे आता उपचारांतही वापरले जाते. ताईंनी मोबाइलमधला टिकटिक आवाज दिला होता. यांना तो नीरस वाटतो. हे स्वतःच केरवा म्हणतात, मी चुटकी देते, आणि आम्ही निघतो. ज्या दिवशी ठेका नीट लागतो त्या दिवशी पाऊणेक तास चालतो. सुरुवातीला फिरायला आलेली माणसे वळून पाहत. आता एक गृहस्थ रोज समेवर मान हलवतात.

झिरोत सप्टेंबरअखेर पाऊस आणि चिखल असतोच. सर्वांनी गमबूट सुचवले. मला ते पटले नाही. पाय मुळातच फरपटत उचलणाऱ्याला जड बूट चिखलात अधिकच रुततात. घोट्यापर्यंतचे हलके, खाचदार तळव्याचे बूट, हातात काठी, आणि अंधार पडल्यावर चिखलातून चालायचे नाही. रात्रीच्या कार्यक्रमाला उजेड असतानाच जाऊन कडेला, ध्वनिवर्धकांपासून दूर, खुर्ची टाकून बसायचे. कानांसाठी फोमचे बोळे. गारठ्यासाठी एका जाड कोटाऐवजी पातळ कपड्यांचे थर, आणि बटणांऐवजी चिकटपट्ट्या, त्या मी घरी शिवून घेतल्या.

रस्त्याचे थोडक्यात सांगते. अरुणाचलात जाण्यासाठी भारतीय नागरिकांनाही इनर लाइन परमिट लागते. ते घरबसल्या ऑनलाइन काढता येते. गुवाहाटीहून नाहरलगुनपर्यंत रात्रीची रेल्वे आहे. तरुण तिनेच जातात. आम्ही कोलकात्याला विमान बदलून इटानगरजवळच्या होलोंगी विमानतळावर उतरणार, जो २०२२ साली सुरू झाला. तेथे एक रात्र विश्रांती, मग शंभर किलोमीटरच्या आसपासचा घाटरस्ता. पावसात दरड कोसळू शकते, म्हणून एक दिवस राखीव. जिल्ह्याचे सरकारी रुग्णालय हापोलीत आहे. तेथवर न्यायला वाहन आणि चालक चारही दिवस आमच्याजवळ राहील. खर्चाची ही एकच बाब अशी आहे जिथे मी काटकसर करू दिली नाही.

मुलाची एक अट आम्ही मानली. चारही रात्री तंबूत काढायच्या नाहीत. खोऱ्यातील आपातानी गावांत घरगुती निवासाची सोय आहे. तेथे पहिल्या दिवसापासून खोली घेऊन ठेवली आहे. दोन रात्री तंबू, दोन रात्री पक्के छप्पर, आणि कोणत्या रात्री कुठे ते यांनी ठरवायचे. परत फिरण्याचा निर्णयही आधीच लिहून ठेवला आहे. निघण्याआधी पंधरा दिवसांत पडणे, ताप किंवा लघवीचा संसर्ग, गोळ्यांच्या मात्रेत बदल किंवा भास होऊ लागणे, यांपैकी काहीही झाले तर तिकिटे रद्द. तेथे गेल्यावर "आता पुरे" असे आम्हा दोघांपैकी कोणीही म्हटले, की दुसऱ्याने कारण विचारायचे नाही. या कागदावर यांनी सही केली. अक्षर अगदी बारीक झाले आहे हल्ली, पण सही ओळखू येते.

माझ्या झोपेचा मुद्दा नातीने काढला. मी तो काढला नसता. सहा वर्षांत मी सलग रात्र क्वचितच झोपले आहे, आणि सांभाळणारी व्यक्तीच थकून पडली तर बाकीच्या तयारीला अर्थ उरत नाही. दोन रात्री नात आजोबांच्या तंबूत झोपेल आणि मी शेजारच्या तंबूत. यांनी तक्रार केली नाही. मीच दोन दिवस गप्प होते.

येत्या शनिवारी तिसऱ्यांदा गच्चीवर झोपायचे आहे. आधीच्या दोन्ही रात्री कोरड्या गेल्या आणि यांचा आग्रह आहे, की खऱ्या पावसात तंबू पाहिल्याशिवाय सामान बांधायचे नाही. पावसाचा अंदाज आहे. सचिवांकडून किल्ली आणून ठेवली आहे, आणि काल संध्याकाळी यांनी मला कपाटावरची गिटार खाली काढायला सांगितली. नुसती पुसून ठेवायला.