साखर

बाबा ओझरच्या 'मिग'मध्ये होते. म्हणजे हिंदुस्तान एअरोनॉटिक्समध्ये. पण नाशकात एवढं लांब नाव कोण घेणार? १९६४ साली सोव्हिएत मदतीनं मिग-२१ विमानांसाठी हा कारखाना निघाला. म्हणून बाबांच्या खिशात निळ्या पुठ्ठ्याची एक वही असायची. रशियन शब्द, देवनागरीत. 'स्पासीबा – आभारी. द्व्येर – दार. म्यासा – मांस, जपून!' आणि एका चौकटीत 'साखर – साखर!!'

त्या दोन उद्गारचिन्हांचं मला कोडं होतं. बाबा प्रशिक्षणाला मॉस्कोला गेले, तेव्हा कँटीनमध्ये बिनसाखरेचा चहा पुढ्यात आला. रशियन शब्द आठवेना, म्हणून वैतागून मराठीतच म्हणाले, "साखर!" वाढणाऱ्या बाईंनी निमूट साखर आणून दिली. "त्या दिवशी वाटलं, आपल्याला रशियन येतं," बाबा सांगायचे. "दुसऱ्या दिवशी कळलं, नुसती साखरच येते."

वही उलटी धरली की मागची चार पानं रशियन लिपीत. टाउनशिपमधल्या एका रशियन काकूंनी आईला विचारून उतरवलेली. त्यांच्या लिपीत 'ट' नाही, 'ख' वेगळा. त्यामुळे 'तिखट नको'चं 'तिकत नाको' झालेलं. त्यांचा हात धरून मी ओझरच्या बाजारात जायचे. काकू 'कितीला' म्हणत, भाजीवाली बोटांवर हिशेब दाखवी, हसे आणि पिशवीत वर मूठभर कोथिंबीर टाकी. काकूंना किती छान मराठी येतं, असं मला वाटायचं.

२०१३मध्ये मी मॉस्कोला गेले, तेव्हा बाबा नव्हते. वही पर्समध्ये होती. एक पाटी मी इंग्रजी अक्षरं समजून 'पेक्टोपाह' अशी वाचली. वहीत पाहिलं, तर बाबांनीही तेच लिहून, खोडून, पुढे 'रेस्तोरान' केलेलं! मेट्रोत एकाने खुणेनं शिकवलं: गाडी शहराच्या मध्याकडे निघाली असेल तर स्टेशनांची नावं पुरुषाच्या आवाजात, बाहेर निघाली असेल तर बाईच्या. शब्द एक कळत नव्हता, पण दिशा चुकली नाही.

बाजारात एका आजींकडे काकड्या घेतल्या. वहीतलं वाक्य मी दोनदा म्हटलं. त्यांना ओ की ठो कळलं नाही. मग त्यांनी नोटा माझ्याच हातातून एकेक करून वेचल्या, उरलेल्या मुठीत दाबून परत दिल्या आणि पिशवीत वर एक जुडी ठेवली. शेपू!

तो वास घेत मी तिथंच उभी राहिले. चाळीस वर्षांनी लक्षात आलं: काकूंना मराठी येतच नव्हतं. भाजीवालीला काकू कळत होत्या.