पायांतले दही

पुण्यात दोन प्रकारची माणसे राहतात. खो-खो खेळलेली आणि ‘आमच्या वेळचा खो-खो बघायला हवा होता’ असे सांगणारी. मी दुसऱ्या प्रकारात मोडतो. खो-खोचे नियम १९१४ साली आमच्याच गावात, डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले, एवढ्या भांडवलावर मी आजवर अनेकांना हा खेळ समजावून दिला आहे. प्रत्यक्ष मैदानात उतरण्याचा प्रसंग मात्र शिताफीने टाळला.

त्यामुळे नात खो-खो खेळू लागली तेव्हा मी म्हणालो, “आमच्या घराण्यातच आहे ते!” यावर हिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले की मी मुकाट्याने पेपर उघडला.

गेल्या हिवाळ्यात शाळांच्या सामन्यात ही चौदा वर्षांची पोर साडेतीन मिनिटे टिकली. हुलकावण्या काय देत होती, खांबाला वळसे काय घालत होती! अखेर बाद झाली आणि धापा टाकत बाहेर आली. तिचे सर ओरडत होते, “चालत राहा! थांबू नकोस!” पण मग आजोबा कशाला असतात? मी तिचा दंड धरून तिला उन्हात उभे केले आणि मोबाइल काढला.

“अजिबात हलू नकोस हं!” मी म्हणालो.

मोबाइलमध्ये आधी माझाच चेहरा आला. तो घालवून नातीचा आणीपर्यंत अर्धा-पाऊण मिनिट गेले. तेवढ्यात “आजोबा, मला गरगरतंय” असे म्हणून ती मटकन खाली बसली. फोटोत नुसता खांब आला आहे.

सरांनी तिला आडवे केले, पाय पिशवीवर उंच ठेवले. दोनच मिनिटांत तिने डोळे उघडून “सर, किती वेळ टिकले मी?” असे विचारले. पण ती दोन मिनिटे मी विसरणार नाही. पाय माझेही गळाले होते. फक्त ते पिशवीवर ठेवायला कुणाला सुचले नाही.

“काका,” सर नंतर शांतपणे म्हणाले, “पळताना पायांकडे रक्ताचा लोंढा जातो. पोटऱ्या आवळतात तसं ते वर हृदयाकडे ढकललं जातं. पोटरी म्हणजे पंपच. पळत्या मुलीचा एकदम पुतळा केलात की पंप बंद! रक्त खाली साठतं आणि डोक्याला कमी पडतं.”

पुण्यात पुतळ्यांची वाण नाही. त्यात भर घालायचे मला काही कारण नव्हते.

घरी ही कडाडली, “दमलेल्या पोरीला चालायला लावायचं? पडू दे की तिला निवांत!” झाले! आमच्या घरात दोन पक्ष पडले. सरांचा चालता पक्ष आणि हिचा पडता पक्ष. मी लवाद म्हणून वाचायला बसलो. निवृत्त माणसाला दुसऱ्याच्या व्यायामासारखा दुसरा व्यायाम नाही.

जोरात पळले की स्नायूंत लॅक्टेट तयार होते. याचे आम्ल १७८० साली शेले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने आंबलेल्या दुधात शोधून काढले होते. हे मी हिला ऐकवले.

“म्हणजे पोरीच्या पायांत दही लागतं?”

थांबण्यापेक्षा हलके चालत राहिले तर हे ‘दही’ रक्तातून लवकर निघून जाते. सरांना एक गुण! पण ते काही खरकटे नव्हे. हृदय ते जळण म्हणून वापरते, यकृत त्याची पुन्हा साखर करते. दह्याचे ताक, ताकाची कढी. आमच्या स्वयंपाकघराप्रमाणे इथेही काही फुकट जात नाही. आणि स्वस्थ पडून राहिले तरी साधारण तासाभरात ते ओसरतेच. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जे “आई गं” होते ते या दह्यामुळे नव्हेच. एकदम थांबणे, झपकन वळणे, सूर मारणे यांनी स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, तिचे ते ठणकणे. ते दोन-तीन दिवस चालते आणि चालण्याने त्यात फारसा फरक पडत नाही.

“मी म्हणतच होते!” ही.

हिचा दुसरा गुण खुद्द खो-खोनेच दिला. पाठलाग करणाऱ्या नऊ जणींपैकी आठ जणी बसलेल्या असतात. छोट्या, जोरकस धावेत स्नायू आपली हाताशी असलेली शिल्लक उडवतात. क्रिएटिन फॉस्फेट तिचे नाव. ती भरून काढायला प्राणवायू लागतो. खो दिल्यावर स्वस्थ बसले तर तो त्या कामी येतो. उगाच हातपाय हलवत राहिले तर तिकडेच खर्च होतो. म्हणजे दोन धावांमध्ये बसणे हेही शास्त्रोक्तच!

शेवटी तह झाला. पळून आल्यावर दहा मिनिटे सरांची: सावकाश चालायचे, घोट-घोट पाणी प्यायचे. पुढचे खाते आजीचे: पोटभर जेवण आणि झोप. या वयाला आठ ते दहा तास झोप हवीच, हे डॉक्टरही सांगतात. यावर सर आणि ही, दोघेही आपणच जिंकलो असे समजून खूश आहेत.

लवादाला काय मिळाले? पाण्याची बाटली. नात बाद होऊन आली की मी मोबाइल खिशात ठेवतो आणि बाटली घेऊन तिच्याबरोबर मैदानाच्या कडेने चालू लागतो. मुले आपल्यापेक्षा लवकर सावरतात असे मी वाचले होते, ते आता रोज अनुभवतो. दहा मिनिटांनी ती ताजीतवानी होऊन “आजोबा, वडापाव?” विचारते आणि मी घरी जाऊन हिच्या पक्षात आडवा होतो.