विहीर कागदावर नव्हती

वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेचं नाव आम्ही 2008 पासून ऐकत होतो. सुमारे 284 किलोमीटरची लाइन. इतकी वर्षं नुसतं नावच होतं, म्हणून पारावर तिची थट्टा चालायची. फेब्रुवारी 2024 मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी आली तेव्हा थट्टा थांबली. आमच्या दारव्हा तालुक्यातल्या वावरात मात्र त्याच्या बऱ्याच आधी खुणेचे दगड लागले होते.

वावर बाबांच्या नावावर होतं. ते गेल्यावर सातबाऱ्यावर आई, आम्ही दोघं भाऊ आणि बहीण अशी नावं चढली. वावरात आजोबांनी खोदलेली विहीर, धुऱ्यावर साग आणि आंबे. लाइन वावरातून तिरपी निघाली. विहीर तिच्यात गेली आणि पलीकडे एक त्रिकोणी तुकडा उरला.

संयुक्त मोजणीचा निरोप कोतवालानं आदल्या सांजेला दिला. सकाळी पथक आलं, साखळी पडली, आकडे लिहून झाले. विहिरीचं काय, असं मी विचारलं तर मोजणीवाला म्हणाला, "सातबाऱ्यावर नोंद नाही न."

भाऊ म्हणाला, "साहेब, वाकून तर पाहा. मोटर चालू हाय."

"मले दिसते हो. पण कागदावर नाही, तर मी लिहू कसा?"

विहीर आजोबांच्या काळची. तिची नोंद कधी झालीच नव्हती, आणि पाणी मिळत होतं तोवर कोणी नोंदीचं विचारलंही नव्हतं. यात नुकसान दुहेरी होतं. विहिरीचे पैसे नाहीत ते नाहीतच, वर पाण्याचा स्रोत नाही म्हणून सगळं वावर कोरडवाहू. ओलिताचा भाव आणि कोरडवाहूचा भाव यांत किती फरक पडतो हे शेतकऱ्याला सांगायला नको.

शेजारचे काकाजी तलाठी म्हणून निवृत्त झालेले. ते धुऱ्यावर उभे होते. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "सही कर, पण सहीच्या वर लिही." मी लिहिलं : विहीर व झाडं नोंदलेली नाहीत, हरकत आहे. खाली तारीख टाकली. मोजणीवाल्याचं तोंड वाकडं झालं, पण त्यानं कागद परत ओढला नाही. मी मोबाइलवर त्या कागदाचा फोटो काढला. पुढे हाच फोटो सगळ्यात जास्त कामाला आला.

प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर हरकतीला 60 दिवस मिळतात. 2013 च्या भूसंपादन कायद्यात तसं आहे. आम्ही बाबांच्या नावाची कृषिपंपाची जुनी वीजबिलं शोधली. ती आईच्या पेटीत, लग्नाच्या शालूखाली निघाली. त्यांवरून विहीर किती जुनी हे दिसत होतं. बिलं, फोटो आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांचे जबाब जोडून अर्ज दिला आणि पोच घेतली. पंचनामा झाला आणि विहीर यादीत आली. झाडांपैकी आंबे आले. सागाचं अर्धवटच झालं, कारण धुरा सामाईक निघाला. या सगळ्यात आईनं "विहिरीचं काय झालं?" विचारलं की उत्तर द्यायचं माझ्या जिवावर यायचं.

जमिनीच्या भावाचं गणितही तेव्हाच कळलं. आधीच्या तीन वर्षांतली आसपासची खरेदीखतं पाहतात, त्यांतली जास्त किमतीची निम्मी घेऊन सरासरी काढतात. आता आपल्याकडे मुद्रांक वाचवायला खरेदीखतात भाव कमी लिहायचा रिवाज. वर्षानुवर्षं गावानं वाचवलेले ते पैसे एका झटक्यात गावाच्याच अंगावर आले. गुणक आणि शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते खरी, पण ती लागते त्या कागदावरच्या भावावर.

मग थेट खरेदीचा विषय निघाला. वाटाघाटीनं जमीन दिली तर 25 टक्के जादा. भावाच्या मुलीची फी भरायची होती, त्याला ते हवं होतं. मला नको होतं, कारण त्या वाटेनं गेलं की पुढे वाढीव मोबदला मागायचा रस्ता बंद, आणि आमचं ओलिताचं भांडण मिटलेलं नव्हतं. दोघांत चार दिवस बोलणं बंद होतं. शेवटी पुसदहून बहीण आली आणि तिनं भावाची समजूत घातली. हिच्याकडून हक्कसोड करून घ्या, कागद सोपे होतील, असंही एकानं सुचवलं होतं. आम्ही ऐकलं नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, आणि हिश्श्याचा वाद लागला की पैसे अडकतात.

सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा सातबाऱ्यावर होता. कर्ज भरून दाखला आधीच आणून ठेवला, नाहीतर निवाड्यानंतर तिथंच गाडी अडते. आमच्या पुढच्या वावरवाल्याचं तसंच झालं.

निवाड्यात विहिरीचे पैसे आले, पण वावर अर्धं ओलित, अर्धं कोरडवाहू धरलं. रक्कम उचलताना आम्ही "अंडर प्रोटेस्ट" लिहून सही केली. मुकाट्यानं पैसे घेतले तर कलम 64 चा अर्ज करता येत नाही. निवाड्याच्या वेळी आम्ही हजर होतो, म्हणून मुदत सहा आठवड्यांचीच होती. वकिलानं त्यात तो त्रिकोणी तुकडाही घातला, कारण उरलेली जमीन तुटल्यानं होणारं नुकसान कलम 28 मध्ये मोजलं जातं. ते प्रकरण अजून सुरू आहे.

त्या तुकड्याला आता वाट नाही. बैलबंडी शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून न्यावी लागते, आणि त्याची मर्जी फिरली की तूर तिथंच. म्हणून जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे रस्त्याचा अर्ज दिला आहे. स्थळपाहणी झाली, आदेश व्हायचा आहे.