तंजावरचा हिंवाळा आणि वाईचा पाडवा

तुळशीचें लग्न लागलें आणि आंवळीभोजन झालें, कीं आमच्या घरांत माळ्यावरच्या ट्रंका खालीं येतात. सेवानिवृत्तीनंतरचा हा आमचा नववा हिंवाळा. वाई हें पांचगणीच्या पायथ्याचें गांव. मार्गशीर्ष-पौषांत कृष्णेवर उतरलेलें धुकें ऊन चढेपर्यंत हलत नाहीं, आणि आमच्या सौभाग्यवतींना दम्याची जुनी व्यथा आहे. थंडीपुरतें गांव सोडावें असें डॉक्टरांनीं सुचविलें, तेव्हां तें औषध कडू वाटलें. पुढें मात्र त्याची गोडी लागली. पहिल्या वर्षीं पुण्यसंचयाच्या मोहानें ऐन पौषांत काशीस गेलों, आणि तेथील थंडींत 'आपली वाई बरी' म्हणण्याची पाळी आली! तेव्हांपासून आमची दिशा दक्षिण. गोकर्ण झालें, श्रीरंगपट्टण झालें, कन्याकुमारी झाली. यात्राकंपन्यांच्या धांवत्या प्रवासाची आम्हांस आवड नाहीं. एकच गांव धरावें, दोन खोल्यांचें बिऱ्हाड करावें, भाजीवालीशीं ओळख होईल इतके दिवस राहावें, आणि फाल्गुनांत, पाडव्याच्या आंत, घरीं परतावें, असा आमचा शिरस्ता आहे.

या शिरस्त्याचा खरा आधार आगगाडी नव्हे, तर शेजारचे तात्या होते. आमच्या वाड्याची किल्ली आठ हिंवाळे त्यांच्या देवघरांतील खुंटीला टांगलेली असे. रोज सायंकाळीं ते स्वतः येऊन दार उघडीत, तुळशीपाशीं दिवा लावीत आणि घटकाभर ओट्यावर बसून परत जात. यंदा त्यांना ब्यायशीवें वर्ष लागलें होतें. निघण्याच्या आदल्या दिवशीं किल्ली देण्यास गेलों, तेव्हां ते म्हणाले, "निर्धास्त जा हो. मी कोठें जाणार आहें?"

आमचे चिरंजीव पुण्यास असतात. दिवाळींत ते सहकुटुंब आले असतां त्यांनीं एक प्रश्न आमच्यापुढें ठेवला होता. वाडा जुना झाला, दर पावसाळ्यांत कौलें फुटतात, तुम्ही वर्षांतले तीन-चार महिने बाहेर. मग हें सर्व विकून कायमचे आमच्याकडेच कां येत नाहीं? अकराव्या मजल्यावरील घर, पण लिफ्ट असल्यानें जिन्याचा त्रास नाहीं. डॉक्टर हांकेच्या अंतरावर. त्यांच्या बोलण्यांत लोभ नव्हता, काळजी होती. म्हणूनच उत्तर देणें अवघड होतें. आम्ही तत्काळ 'नाहीं' म्हणणार, तोंच सौभाग्यवती म्हणाल्या, "विचार करून पाडव्याला सांगूं." त्यांना यांत विचार करण्यासारखें कांहीं वाटेल, हें आमच्या स्वप्नांतहि नव्हतें. ट्रंकांबरोबर यंदा हें एक ओझें घेऊन आम्ही निघालों.

पुण्याहून चेन्नई, आणि तेथून रात्रीच्या गाडीनें तंजावर. कावेरीच्या फांट्यांनीं भिजलेला हा सपाट मुलूख. आपल्याकडचा पाऊस सरला म्हणजे त्यांचा सुरू होतो. ईशान्येकडून येणारा तो पाऊस मार्गशीर्षापर्यंत रेंगाळतो. आम्ही पोंचलों तेव्हां तो नुकताच थांबला होता आणि चोहोंकडे भाताचीं शेतें पिवळीं होऊं लागलीं होतीं. हवा उबदार व दमट. सौभाग्यवतींचा श्वास आठवड्यांत मोकळा झाला.

बृहदीश्वराच्या देवळाचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. राजराज चोळानें १०१० सालीं तें पुरें केलें. शिखर सुमारें २०० फूट उंच, आणि सारें काम काळ्या-तांबूस कणाश्माचें, जो दगड त्या चिखलवटीच्या प्रदेशांत जवळपास मिळत नाहीं. आम्ही तेथें रोज जात असूं तें मात्र निराळ्याच कारणासाठीं. प्राकाराच्या नैर्ऋत्येकडील भिंतीवर एक मराठी लेख कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळीं, १८०३ सालीं, कोरलेला हा भोसले कुळाचा इतिहास. दगडामागून दगड भरत ओळी चालल्याच आहेत. तीस वर्षें आम्ही शाळेंत इतिहास शिकविला आणि व्यंकोजीराजांचें नांव मुलांकडून घोकून घेतलें. पण धड्यांत ते शिवछत्रपतींचे सावत्र बंधु म्हणून दोन ओळींपुरते येतात आणि जातात. १६७५ च्या सुमारास त्यांनीं स्थापिलेलें राज्य १८५५ पर्यंत नांवानें तरी टिकलें, हें आमच्या विद्यार्थ्यांस आम्हीं किती वेळां सांगितलें असेल? बहुधा एकदांहि नाहीं. तामिळ बायका फुलांच्या परड्या घेऊन शेजारून जात असत आणि आम्ही भिंतीला नाक लावून मराठी वाचीत असूं. देवळाचा पहारेकरी चार दिवसांनीं आम्हांस पाहून हसूं लागला.

या राजांनीं तेथें काय काय केलें, तें पाहून आपल्या अज्ञानाची लाज वाटते. विष्णुदास भाव्यांनीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें तें १८४३ सालीं, आणि आपण मराठी नाटकाचा जन्म तेथून मोजतों. पण व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे त्याच्या शतकाहून अधिक आधीं तंजावरास मराठी नाटकें लिहीत होते. सरफोजीराजांनीं तर देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला आणि १८०६ सालीं इसापाच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावळि' म्हणून मराठींत छापविल्या. राज्यकारभार इंग्रजांच्या हातीं गेला होता, तेव्हां या राजानें आपलें सारें लक्ष ग्रंथांत, वैद्यकांत आणि संगीतांत घातलें. त्यांनीं वाढविलेला सरस्वती महाल ग्रंथसंग्रह १९१८ पासून लोकांस खुला आहे. संस्कृत, तामिळ, तेलुगु व मराठी हस्तलिखितें हजारोंनीं मोजावींत इतकीं, आणि वर मोडी कागदांचे ढीग. मोडी आम्हांस थोडी वाचतां येते. कांचेआडच्या एका कागदावर पांच-सहा शब्द लागले, तेव्हां झालेला आनंद सांगण्यास शेजारीं कोणी नव्हतें. सौभाग्यवती बाहेर सावलींत बसून एका तामिळ गृहिणीशीं खाणाखुणांनीं लोणच्याची चर्चा करीत होत्या.

आमची घरमालकीण मात्र मराठी होती. तंजावरकर मराठी ब्राह्मणांचीं कांहीं घरें अजून तेथें आहेत, त्यांपैकीं एक. ऐंशीच्या घरांतल्या या आजी नऊवारी नेसत आणि घरांत मराठी बोलत. पण त्या मराठीचा हेल तामिळ, आणि शब्द मधूनच असे जुने कीं बखरींत वाचलेले तेवढे आम्हांस ठाऊक. पहिल्या दिवशीं आमची भाषा ऐकून त्या हसल्या. आमची मराठी त्यांना इंग्रजी वाटली! मोजून पाहिलें तेव्हां त्यांच्या म्हणण्यांत तथ्य होतें. पूर्वज कोणत्या गांवचे, असें आम्हीं विचारलें. "देशांतले" एवढेंच उत्तर. देशांतलें कोणतें गांव, हें त्यांच्या आजेसासऱ्यांनाहि ठाऊक नव्हतें.

"परत जावें असें कोणाच्या मनांत आलें नाहीं?" आम्ही विचारून गेलों.

"परत?" आजी म्हणाल्या. "घर तर हेंच." आणि मग आमच्याकडे नव्हे, सौभाग्यवतींकडे वळून, "तुम्ही घराला कुलूप लावून आलांत ना? मग दिवा कोण लावतें?"

तात्यांचें नांव सांगितलें, तेव्हां त्यांचें समाधान झालें.

पोंगल आला. त्या दिवशीं अंगणांत नव्या भांड्यांत दूध-तांदूळ उतूं जाईपर्यंत शिजवितात, आणि भांड्याच्या गळ्याला ओल्या हळदीचें पाल्यासकट रोप बांधतात. हळदीचा पाला पाहतांच सौभाग्यवतींना आपल्या वाईकडच्या हळदीच्या राना­ंची आठवण झाली. त्या बराच वेळ गप्प होत्या.

पौष वद्य पंचमीस तिरुवैयारु येथें त्यागराजस्वामींची आराधना असते. तंजावरपासून हें गांव सुमारें १३ किलोमीटर. १८४७ सालीं कावेरीच्या कांठीं स्वामींनीं देह ठेवला. त्या स्थळीं शेंकडों गवई समोरासमोर ओळींनीं बसून त्यांचीं पंचरत्नें एका सुरांत गातात. सरफोजीराजांचें बोलावणें स्वामींनीं नाकारिलें, अशी आख्यायिका तेथें सांगतात. तेलुगु शब्द आम्हांस कळले नाहींत, आणि कानडी संगीताचा आमचा अभ्यासहि नाहीं. पण त्याच आठवड्यांत तंजावरच्या एका देवळांत तामिळ हरिकथा ऐकावयास बसलों असतां, कथेकरी बाईंनीं मध्येंच अस्सल साकीची चाल उचलली आणि आम्ही उभयतां चमकून एकमेकांकडे पाहूं लागलों. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद तामिळ हरिकथेनें केव्हांच आपलेसे केले आहेत. आमच्या शेजारच्या म्हातारबुवांस ते परके आहेत, असें वाटतहि नसावें.

रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं वाईहून फोन आला. तात्या रात्रीं झोंपेंतच गेले.

त्या दिवशीं आम्ही कोठें गेलों नाहीं. संध्याकाळीं सौभाग्यवती म्हणाल्या, "आतां किल्ली कोणाकडे ठेवायची?" हा प्रश्न त्या वेळीं आम्हांस थोडा कठोर वाटला, आणि तसें आम्ही बोलूनहि दाखविलें. त्यांनीं शांतपणें उत्तर दिलें, "तुम्ही वाड्याचीं कौलें मोजतां. मी दोघांपैकीं एक मागें राहिल्यावर काय, तें मोजतें. दिवाळींत मी 'विचार करूं' म्हटलें तें त्यासाठीं." एकेचाळीस वर्षांच्या संसारांत हा विषय आमच्यांत निघाला नव्हता. त्यांना उत्तर देण्याजोगें आमच्यापाशीं कांहीं नव्हतें. नंतरचे पंधरा-वीस दिवस कसेबसे काढले. माघांत वाईस कृष्णाबाईचा उत्सव आळीआळीनें सुरू होतो. आमच्या आळीचा उत्सव यंदा आमच्यावांचून आणि तात्यांवांचूनहि पार पडला.

फाल्गुनांत परतीच्या गाडींत बसलों. निघतांना आजींनीं वाळवणाची एक पुरचुंडी दिली आणि पुन्हां दिव्याविषयीं विचारलें नाहीं. त्यांना सर्व कळलें होतें. रायचूर मागें पडल्यावर गाडी एका लांब पुलावर चढते, आणि पलीकडे स्थानकावर पाटी दिसते: 'कृष्णा'. आमच्या घाटाच्या पायऱ्यांपाशीं पोरें उड्या मारून पार करतात ती हीच नदी. येथें तिचें पात्र पाहून छाती दडपते, जरी फाल्गुनांत त्यांत खडकच अधिक आणि पाणी थोडें. सौभाग्यवतींनीं खिडकींतून नाणें टाकलें आणि हात जोडले. "आपल्याकडून आलेली," एवढेंच म्हणाल्या.

पुण्यास दोन रात्री राहिलों. चिरंजीवांनीं विषय काढला नाहीं. सूनबाईंनीं मात्र आमच्यासाठीं ठरविलेली खोली दाखविली. खोली चांगली आहे. तिच्या खिडकींतून सिंहगड दिसतो.

खंबाटकी ओलांडली कीं वाईची हद्द मनानें सुरू होते. सुरूरच्या फांट्यावरून आंत वळलों. पळस फुलले होते, सांवरीचीं झाडें पानांवांचून लाल झालीं होतीं, आंब्यांना कैऱ्या धरल्या होत्या. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनीं हळद शिजत होती. या दिवसांत वाईच्या परिसरांत शिजविलेली हळद अंगणांतून, खळ्यांतून वाळत पडलेली असते. तो मातकट, उष्ण वास गाडीच्या खिडकींतून आंत आला, तेव्हां दम्याच्या भीतीनें खिडकी लावावी असें आमच्या मनांत आलें. सौभाग्यवतींनीं ती लावूं दिली नाहीं.

प्रथम तात्यांच्या घरीं गेलों. काकू बोलल्या थोडें, रडल्या अधिक. किल्ली त्याच खुंटीला होती. तात्यांचा नातू नववींत आहे. तो आमच्याबरोबर दार उघडावयास आला. वाडा आम्ही पाहूं तसा पडका असेल, या भयानें उंबरठ्यांत थबकलों. पण अंगण झाडलेलें होतें आणि तुळस हिरवी होती. वृंदावनाच्या कोनाड्यांत वातीची ताजी काजळी होती. आजोबा गेल्यापासून रोज दिवा तोच लावीत असे. "सुतकाचे दहा दिवस मला चालत नव्हतें," तो म्हणाला, "म्हणून मधल्या आळींतल्या मित्राला सांगितलें. तो एकदां विसरला. अकराव्या दिवशीं मी दोनदां लावला." तात्यांनीं किंवा आम्हीं त्याला असें करावयास कधीं सांगितलें नव्हतें. ओट्याची फरशी मात्र खचली होती, आणि माजघराचीं तीन कौलें गेलीं होतीं.

पाडव्याच्या दिवशीं सकाळीं तात्यांचा नातू वेळू घेऊन आला. त्यांच्या घरीं वर्षाचा सण नाहीं; यंदा गुढी आमच्या घरावर तरी उभारूं द्या, म्हणाला. सौभाग्यवतींनीं खण काढून दिला, आम्ही कडुनिंबाची डहाळी आणली. तो शिडीवर चढला असतां पुण्याहून फोन आला. नववर्षाचे नमस्कार झाले आणि चिरंजीवांनीं दिवाळींतला प्रश्न हळूच पुढें केला.

सौभाग्यवती म्हणाल्या, "आषाढ तुमच्याकडे काढूं; पावसांत मला येथें सोसत नाहीं. ती खोली कोणाला देऊं नका. पण विकण्याचें इतक्यांत नको. ओट्याची फरशी काढायची आहे, गवंडी सोमवारीं येतो. मुलांच्या परीक्षा झाल्या कीं तुम्ही सगळीं या."

"आणि पुढचा हिंवाळा, आई? घर कोण पाहील?"

"शेजारचा आहे अजून. दहावीपर्यंत तरी येथेंच आहे. पुढचें पुढें बघूं."

आम्ही यांत कांहीं बोललों नाहीं. गुढीला बांधावयाची साखरेची गांठी हातांतच तुटली होती. शिडीवरचा मुलगा वरून हात पुढें करून उभा होता, आणि आम्ही ती दोऱ्यानें जोडीत होतों.